जीनचं जाळं आणि स्क्रीनवरचा काळा गोळा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण म्हटलं होतं की जीन, डेटा आणि कंप्युटर या भानगडीत कुणाचं काही अडलं असेल तर कळवा. पत्रं आली, मेल आले, आणि गंमत म्हणजे बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडलेलं, जीन रेग्युलेटरी नेटवर्कचं चित्र काढायचं सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं आणि घेतल्यावर त्यातून काही दिसत का नाही. म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकला. ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी दोन ओळी : आपल्या किंवा झाडाच्या पेशीत हजारो जीन असतात पण सगळे एकाच वेळी चालू नसतात, काही जीनपासून अशी प्रोटीन बनतात की जी दुसऱ्या जीनच्या शेजारी डीएनएवर जाऊन बसतात आणि त्याला चालू किंवा बंद करतात, त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. कोण कुणाला चालू करतं, कोण कुणाला दाबतं याचा सगळा हिशोब म्हणजे हे नेटवर्क. चित्रात जीन म्हणजे ठिपका, त्याला नोड म्हणायचं, आणि नातं म्हणजे रेघ, तिला एज म्हणायचं. एवढं पुरे, आता प्रश्न.

प्रश्न : मॅडम, मी एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या सेमला आहे. द्राक्षाच्या मण्यांचा आरएनए-सीक डेटा (कुठला जीन किती चालू आहे त्याची मोजणी) पब्लिक डेटाबेसमधून घेतला, त्यावर जीनी-थ्री हे कोण कुणाला चालवतं याचा अंदाज काढणारं सॉफ्टवेअर चालवलं आणि आलेली फाइल सायटोस्केप या चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली तर लॅपटॉप हँग, आणि कसंबसं उघडलं तेव्हा नुसता काळा गोळा. सगळे लेआउट (ठिपके मांडायच्या पद्धती) लावून बघितले, गोळ्याचा फक्त आकार बदलतो. गाइड म्हणतात काहीतरी नीट दिसू दे. ८ जीबी रॅम आहे, १६ करून घेऊ का? – विद्यार्थिनी, गंगापूर रोड

उत्तर : रॅमचे पैसे वाचव, निदान यासाठी तरी नको घालवूस. तुझा प्रॉब्लेम लॅपटॉपचा नाहीये आणि लेआउटचा तर अजिबात नाहीये. तुझी फाइल मोठी आहे कारण ती तशीच असते, जरा हिशोब कर ना, द्राक्षात साधारण ३०,००० जीन, तू समजा १,५०० ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर रेग्युलेटर म्हणून दिलेस, तर जोड्या झाल्या साडेचार कोटी, आणि जीनी-थ्री बिचारं प्रत्येक जोडीला एक वजन देऊन मोकळं होतं. हे सॉफ्टवेअर बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठातलं, २०१० चं, ड्रीम-फोर नावाच्या स्पर्धेतल्या एका गटात ते पहिलं आलं होतं त्यामुळे सगळे वापरतात, पण त्याचं आउटपुट म्हणजे नेटवर्क नव्हे, ती मेरिट लिस्ट आहे. कट-ऑफ कुठे लावायचा ते ते सांगत नाही, आपल्याला ठरवावं लागतं. आणि ते वजन म्हणजे पी-व्हॅल्यू (नुसत्या योगायोगाने असं दिसण्याची शक्यता) नाही हे पण लक्षात असू दे, व्हायवामध्ये हमखास विचारतात.

तर पहिलं काम सायटोस्केप उघडायच्या आधीच करायचं. आर या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये गेट-लिंक-लिस्ट हे फंक्शन आहे, त्यात रिपोर्ट-मॅक्स म्हणून एक सेटिंग असतं, तिथे ५,००० टाक, म्हणजे वरच्या फक्त ५,००० जोड्या मिळतील. एवढं तुझा ८ जीबीवाला लॅपटॉप आरामात उघडेल. पण खरं सांगू का, ५,००० रेघा पण माणसाला वाचता येत नाहीत, संध्याकाळी सात वाजता नाशिकच्या द्वारका सर्कलचा ड्रोनने फोटो काढला तर कुठली गाडी कुठे चाललीय हे कळतं का, तसंच आहे ते. म्हणून आधी प्रश्न ठरव. "द्राक्षाचं नेटवर्क" हा प्रश्न नाही. "मण्यात पाणी उतरताना (म्हणजे मणी मऊ होऊन पिकायला लागतो तेव्हा) रंगाचे जीन कोण चालू करतं" हा प्रश्न आहे.

आता हाच प्रश्न घेऊन बसू, कारण याचं थोडं उत्तर आधीच माहीत आहे आणि माहीत असलेल्या गोष्टीवरच आपलं चित्र तपासता येतं. द्राक्षाला काळा-लाल रंग येतो तो अँथोसायनिनमुळे. ते बनवण्याच्या शेवटच्या टप्प्यातला महत्त्वाचा जीन यूएफजीटी, आणि त्याला चालू करतो एमवायबी-ए-१ हा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, दोन नंबरच्या क्रोमोसोमवर बसलेला. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की हिरव्या द्राक्षांत यूएफजीटी धडधाकट असतो, बिघाड एमवायबी-ए-१ मध्ये असतो, त्याच्या प्रमोटरमध्ये, म्हणजे जीन चालू करायच्या भागात, ग्रेट-१ नावाचा एक उड्या मारणारा डीएनएचा तुकडा घुसून बसलाय, त्यामुळे जीन बोलतच नाही. शेजारचा एमवायबी-ए-२ पण हिरव्या जातींत निकामी झालेला असतो. म्हणून आपली थॉमसन हिरवी.

याचा तुझ्या चित्राशी काय संबंध, तर खूप. तू डाउनलोड केलेली सॅम्पल कुठल्या जातीची आहेत ते आधी बघ. सगळी हिरव्या जातीची असतील तर एमवायबी-ए-१ सगळ्या सॅम्पलमध्ये सपाट, शून्याच्या आसपास, आणि जो आकडा हलतच नाही त्याचं कुणाशी नातं आहे हे कुठलंच सॉफ्टवेअर शोधू शकत नाही. म्हणजे तुझ्या जाळ्यात ती रेघ येणारच नाही, आणि तू लिहिशील की या डेटात एमवायबी-ए-१ चा रोल दिसला नाही, आणि एक्स्टर्नल तुला उभं सोलतील. काळ्या आणि हिरव्या दोन्ही जातींची सॅम्पल घे, पाणी उतरायच्या आधीची आणि नंतरची, मग बघ ती रेघ वर येते का. आली तर बाकीच्या रेघांवर थोडा तरी भरवसा ठेवता येईल.

आता सायटोस्केपमध्ये. फाइल मेनूत इम्पोर्ट, त्यात नेटवर्क फ्रॉम फाइल. कॉलम विचारतो तेव्हा रेग्युलेटर हा सोर्स, दुसरा टार्गेट, आणि वजन हे एज अॅट्रिब्यूट म्हणून ठेव, पुष्कळ जण तो कॉलम तसाच सोडून देतात आणि मग फिल्टर लावायला काही उरत नाही. नंतर सर्चमध्ये एमवायबी-ए-१ शोध, सिलेक्ट कर, सिलेक्ट मेनूतून फर्स्ट नेबर्स घे, आणि फाइल मेनूतून त्या निवडलेल्या नोड्सचं नवीन नेटवर्क बनव. एकदम वीस-तीस ठिपके राहतील. आता श्वास घेता येतो की नाही?

मग दुसरी फाइल, एक्स्प्रेशनवाली म्हणजे कुठला जीन किती चालू आहे ती, इम्पोर्टमध्ये टेबल फ्रॉम फाइल करून आण. इथे ९० टक्के पोरं अडकतात असं म्हणायचा मोह होतोय पण आकडे कशाला, अडकतात एवढं खरं. कारण जीनचे आयडी जुळत नाहीत. द्राक्षाच्या जुन्या अॅनोटेशनमध्ये (जीनच्या यादीत) आयडी "व्हीआयटी" ने सुरू होतात, नव्यात "विटवी" ने, एक फाइल जुनी नि एक नवी असली की टेबल इम्पोर्ट झाल्यासारखं दिसतं, एरर येत नाही, पण कॉलम रिकामा आणि सगळे ठिपके एकाच रंगाचे. मग रात्री एक वाजता वाटतं की स्टाइलमध्ये गडबड आहे. स्टाइलमध्ये काही नसतं. आधी आयडी एकाच पद्धतीचे कर.

रंग : स्टाइल पॅनलमध्ये फिल कलरला लॉग फोल्ड चेंजचा (जीन किती पटीने वाढला-घटला त्याचा) कॉलम, कंटिन्युअस मॅपिंग, निळा ते पांढरा ते लाल, आणि पांढरा बरोबर शून्यावर ठेव. लाल-हिरवा नको, कितीतरी पुरुषांना त्यातला फरक दिसत नाही आणि त्यातलाच एखादा तुझा परीक्षक निघायचा. रेघेची जाडी वजनावरून. आणि टोकाला काय काढायचं हे नीट ऐक : चालू करत असेल तर बाण, दाबत असेल तर आडवी टी, हा रिवाज आहे, पण जीनी-थ्री फक्त कोण कुणावर हे सांगतं, चालू करतं की बंद हे सांगत नाही. त्यामुळे सगळीकडे बाण ठोकून दिलेस तर ते चूक. एकतर साधं गोल टोक ठेव नाहीतर दोन्ही जीनचं कोरिलेशन (एक वाढला की दुसरा वाढतो की घटतो) काढून अधिक-उणे ठरव आणि खाली स्पष्ट लिही की चिन्ह कोरिलेशनवरून घेतलंय.

लेआउट सगळ्यात शेवटी. तीस ठिपक्यांना कुठलाही चालतो, हायरार्किक लाव आणि मग चार ठिपके माउसने सरकव, त्यात कमीपणा काही नाही, चांगली चित्रं शेवटी हातानेच नीट होतात. सेशन सेव्ह कर, सीवायएस फाइल बनते, त्यात स्टाइल, टेबल सगळं राहतं.

प्रश्न : ताई, आमची पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग आहे. पुतण्या कॉलेजात हेच जाळ्याचं काम करतो आणि स्क्रीनवर ठिपके दाखवतो. मला एवढंच विचारायचंय की याचा बागायतदाराला उपयोग काय? उन्हाचा चटका बसला की काळ्या जातीला रंग धरत नाही, ते यात दिसतं का? – एक बागायतदार

उत्तर : दादा, प्रश्न रास्त आहे. उद्या सकाळी कुठली फवारणी घ्यायची हे त्या ठिपक्यांतून कळणार नाही, पुतण्या तसं म्हणत असेल तर त्याला चहा पाजा आणि गप्प बसवा. पण तुम्ही बांधावर जे बघता त्याचं कारण मात्र तिथे थोडंफार दिसतं. उष्णतेने अँथोसायनिन कमी बनतं हे बऱ्याच देशांतल्या द्राक्षांवर तपासलेलं आहे, आणि पाणी उतरताना मण्यात अॅब्सिसिक अॅसिड हे झाडाचं हार्मोन वाढतं, ते वाढलं की मी वर सांगितलेला एमवायबी-ए-१ जोरात चालतो आणि रंग भरतो. एबीए नावाने जे रंगासाठी फवारलं जातं ते हेच. म्हणजे पुतण्याच्या चित्रात एबीए ते एमवायबी-ए-१ ते यूएफजीटी अशी वाट असली तर तुमच्या पंपातल्या औषधाचं काम त्या दोन रेघांत मावतं.

मोठा उपयोग जात तयार करणाऱ्यांना आहे. रोप लावून रंग बघायला दोन-तीन वर्षं थांबण्यापेक्षा पानाचा तुकडा घेऊन त्यात ग्रेट-१ वाली प्रत आहे का ते बघितलं की हिरवं निघणार की रंगीत याचा अंदाज रोपातच येतो. इटालिया या हिरव्या जातीच्या वेलीवर रुबी ओकुयामा ही लाल जात निघाली तीही याच तुकड्यामुळे, तो घुसलेला तुकडा बहुतेक सगळा निघून गेला आणि जीन परत बोलायला लागला. पिंक बेरीचं (हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते त्याचं) उत्तर मात्र या चित्रात शोधू नका, दिवसा ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी पडली की ती येते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तिथे घडांना पेपर लावणंच कामाला येतं.

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये सीनियर म्हणतात बायोटॅपेस्ट्री वापर, बाकी सगळे सायटोस्केप वापरतात. दोन्हींत फरक काय? आणि जेफी पण आहे ना? – पीएचडीची तयारी करणारा वाचक, कॉलेज रोड

उत्तर : तुमचे सीनियर जुन्या वळणाचे दिसतात आणि मला ते आवडले. बघा, सायटोस्केप हे सगळ्याच प्रकारच्या जाळ्यांसाठी आहे, प्रोटीन म्हणा, जीन म्हणा, रोग म्हणा. सिएटलच्या इन्स्टिट्यूट फॉर सिस्टिम्स बायोलॉजीमध्ये सुरू झालं, २००३ मध्ये त्यावरचा पेपर आला, आज त्याला शेकडो अॅप जोडता येतात. हजारो रेघा टाकायच्या, फिल्टर लावायचे, रंग भरायचे, तिथे त्याला तोड नाही. जेफीला बायोलॉजी कळत नाही, सोशल मीडियाचं जाळं असो की जीनचं, त्याला सगळं सारखंच, पण फार मोठं जाळं भराभर मांडायला चांगलं आहे, एवढंच.

बायोटॅपेस्ट्रीची गोष्टच वेगळी. ते फक्त जीन रेग्युलेशनसाठी बनवलंय आणि त्यामागे एक प्राणी आहे, पॅसिफिकच्या किनाऱ्यावरचा जांभळा सी अर्चिन. कॅलटेकमध्ये एरिक डेव्हिडसन म्हणून होते, २०१५ मध्ये गेले, त्यांनी आयुष्यभर या काटेरी गोळ्याच्या गर्भात कुठला जीन कधी कुणामुळे चालू होतो हे एकेक प्रयोग करून शोधलं, २००२ मध्ये त्यांच्या टीमचं पहिलं मोठं नेटवर्क छापून आलं, आणि ते कागदावर मांडणं अशक्य व्हायला लागलं म्हणून हे सॉफ्टवेअर. यात जीन म्हणजे ठिपका नसतो, एक आडवी रेघ असते आणि तिच्या टोकाला वाकलेला बाण, आणि रेग्युलेटरच्या रेघा त्या आडव्या रेघेवर म्हणजे जीनच्या कंट्रोलच्या भागावर येऊन बसतात. कुठल्या जागी कोण बसतं हे दाखवता येतं, ठिपक्यात ते कुठून दाखवणार? शिवाय एकच जाळं वेगवेगळ्या पेशींसाठी आणि वेगवेगळ्या तासांसाठी उघडता येतं, ज्या पेशीत जे चालू आहे ते रंगीत, बाकीचं करडं.

हे का महत्त्वाचं ते त्याच सी अर्चिनवरून सांगते. त्याच्या गर्भात काही पेशी पुढे सांगाडा बनवतात. तिथे पीमार-१ नावाचा जीन चालू होतो आणि तो फक्त दाबतो, चालू कुणालाच करत नाही. तो दाबतो हेस-सी ला. हेस-सी सगळीकडे आल्क्स-१ वगैरे सांगाड्याच्या जीनना दाबून बसलेला असतो. म्हणजे दाबणाऱ्याला दाबलं की खालचे मोकळे सुटतात आणि फक्त त्या पेशींत सांगाडा बनायला लागतो. आता हाच डेटा कोरिलेशनवाल्या सॉफ्टवेअरला दिला तर त्याला काय दिसेल, पीमार-१ वाढला की आल्क्स-१ वाढला, चला, मारा सरळ बाण. चित्र सुंदर आणि गोष्ट खोटी. प्रत्यक्षात मधे दोन टी आहेत. बायोटॅपेस्ट्रीमध्ये काम करताना प्रत्येक रेघेमागे प्रयोग कुठला हे लिहायची सवय लागते, सीनियर त्यासाठीच मागे लागले असतील.

म्हणून माझं मत : कंप्युटरने अंदाजाने काढलेलं जाळं असेल तर सायटोस्केप, प्रयोगांनी सिद्ध झालेलं चाळीस-पन्नास जीनचं जाळं असेल तर बायोटॅपेस्ट्री. आणि एक टेक्निकल कटकट, बायोटॅपेस्ट्री पूर्वी ब्राउझरमधून जावा वेब स्टार्टने उघडायचं, ते जावा ११ पासून काढूनच टाकलंय, तेव्हा जुना ट्युटोरियल बघून तिथेच क्लिक करत बसू नका, डेस्कटॉपवाली आवृत्ती घ्या.

प्रश्न : स्ट्रिंग डेटाबेसवरून माझ्या ६० जीनचं नेटवर्क काढलं, स्कोअर ०.४ ठेवला. थिसिसमध्ये याला जीन रेग्युलेटरी नेटवर्क म्हटलं तर चालेल ना? – इंदिरानगर

उत्तर : नाही चालणार. स्ट्रिंगमधली रेघ म्हणजे दोन प्रोटीनचा काहीतरी संबंध आहे, कधी प्रयोगात एकत्र सापडलीत, कधी नुसती एकाच पेपरात दोघांची नावं आलीत म्हणून. त्याच्या नेहमीच्या जाळ्यात तिला दिशा नसते, कोण कुणाला चालू करतं हा प्रश्न त्या जाळ्यात विचारलेलाच नसतो. ०.४ म्हणजे मध्यम भरवसा, निदान ०.७ करून बघा, अर्धं जाळं गळून पडेल. रेग्युलेशनच पाहिजे असेल तर माणूस आणि उंदरासाठी ट्रस्ट नावाचा डेटाबेस आहे, त्याच्या नावात आर दोनदा येतो हं, नाहीतर शोधताना बँकाच निघतील, त्यात फॅक्टर, टार्गेट आणि चालू की बंद हे पेपरांमधून काढलेलं असतं. ई. कोलायसाठी मेक्सिकोचा रेग्युलॉन-डीबी, यीस्टसाठी यीस्ट्रॅक्ट. आणि एक बघाच, तुमची यादी एक्सेलमधून गेलीय का? माणसाचे सेप्ट-१, मार्च-१ असे जीन एक्सेल परस्पर तारखा करून टाकायचं, शेवटी २०२० मध्ये जीनना नावं देणाऱ्या समितीने एक्सेलपुढे हात टेकले आणि जीनचीच नावं बदलली, आता सेप्टिन-१ आणि मार्चएफ-१. जुन्या फाइल्समध्ये मात्र "१ सप्टेंबर" नावाचा जीन अजून सापडतो.

प्रश्न : एक जीन बंद पाडला तर पुढे काय होईल हे सायटोस्केप करून दाखवतं का? – वाचक, सातपूर

उत्तर : नाही हो. ते चित्र काढतं, त्यात काळ नसतो. नोड डिलीट केला तर ठिपका गेला आणि रेघा गेल्या, बाकीचे जीन जागच्या जागी. "मग काय होईल" यासाठी मॉडेल लागतं. जिनसिम म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रत्येक जीनला चालू किंवा बंद अशा पायऱ्या देऊन नियम लिहायचे, म्हणजे अ चालू आणि ब बंद असेल तर क चालू, आणि मग जाळं पळवून कुठे जाऊन थांबतं ते बघायचं. वरकरणी पोरखेळ वाटतो पण मेक्सिकोतल्या एका गटाने याच पद्धतीने अॅराबिडॉप्सिस या प्रयोगातल्या छोट्या रोपाच्या फुलाचं १५ जीनचं जाळं २००४ मध्ये चालवून दाखवलं, सुरुवात कुठूनही करा, जाळं शेवटी फक्त १० स्थिर अवस्थांमध्येच जाऊन बसतं, आणि त्यातल्या काही बरोबर निदल, पाकळी, पुंकेसर, स्त्रीकेसर यांच्याशी जुळतात. हे वाचलं की मला अजून भारी वाटतं. केमिकल रिअॅक्शनच्या वेगासकट सगळं पाहिजे असेल तर सेलडिझायनर, पण त्याला आकडे लागतात आणि ते आकडे मिळवण्यात तुमची दोन वर्षं जातील.

प्रश्न : मी बारावीला बायोलॉजी शिकवते, सिन्नरला. लॅक ऑपेरॉन (बॅक्टेरियातले लॅक्टोज पचवायचे जीन आणि त्यांचं चालू-बंद) मुलांच्या डोक्यावरून जातो. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये दाखवता येईल का? प्रोजेक्टर आहे, नेट धड नाही.

उत्तर : मॅडम, येईल की, आणि खरं तर जीन रेग्युलेशनची सगळी कहाणी तिथूनच सुरू होते, जेकब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९६५ मध्ये लॉफ यांच्यासोबत नोबेल घेतलं. नेट लागत नाही, सायटोस्केप एकदा टाकलं की ऑफलाइन चालतं. पाचच नोड घ्या : लॅक-आय (दाबणारा), लॅक-झेड (लॅक्टोज तोडणारा, वाय आणि ए त्यातच धरा), सीआरपी (चालू करणारा), साखरेचे दोन नोड म्हणजे लॅक्टोज आणि ग्लुकोज. लॅक-आय कडून लॅक-झेडकडे टी, लॅक्टोजकडून लॅक-आय कडे टी (खरं काम अॅलोलॅक्टोज करतो, ते तोंडी सांगा), सीआरपीकडून लॅक-झेडकडे बाण, ग्लुकोजकडून सीआरपीकडे टी.

पण थेट पूर्ण चित्र दाखवू नका. आधी पहिल्या दोनच टी दाखवा आणि विचारा, लॅक्टोज आलं तर लॅक-झेड वाढेल की कमी होईल? वर्ग दोन गटांत फुटतो. दाबणाऱ्याला दाबलं म्हणजे मोकळं, हे एकदा पोरांना कळलं की मग ग्लुकोज आणा आणि विचारा, दोन्ही साखरा असतील तर? इथे बाण आणि टी दोन्ही बाजूंनी हिशोब करावा लागतो आणि मागच्या बाकावरचे पण बोलायला लागतात. सायटोस्केप जड वाटलं तर ग्राफव्हिझ बघा, त्यात नुसत्या ओळी टाइप करायच्या, कोणाकडून कोणाकडे, आणि चित्र ते स्वतः मांडून देतं. आणि लाइट गेले तर फळा आहेच, पाच नोडला काय लागतंय.

प्रश्न : मी बायोलॉजीवाला नाही, अंबडला आयटीत आहे. एका क्लायंटला त्यांच्या वेबसाइटवर असं नेटवर्क पाहिजे, क्लिक केलं की माहिती उघडणारं. सायटोस्केप सर्व्हरवर चालवू का?

उत्तर : अजिबात नको, ते जावाचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर आहे. सायटोस्केप-जेएस म्हणून वेगळी जावास्क्रिप्ट लायब्ररी आहे, नाव तेवढं सारखं, फुकट आणि ओपन सोर्स, ती पेजमध्ये घाला. डेस्कटॉपवाल्यातून नेटवर्क जेसन करून एक्स्पोर्ट होतं ते तिला कळतं. मोबाइलवर हजारो रेघा एकदम ओतू नका, एक जीन शोधला की त्याचे शेजारी दाखवा, पुढचं क्लिक केल्यावर. क्लायंटला पहिल्या पानावर तो भव्य गोळाच पाहिजे असणार, त्यांना सगळ्यांनाच पाहिजे असतो, तिथे तुम्ही काय करायचं ते तुम्ही बघा.

प्रश्न : कॉन्फरन्सच्या पोस्टरवर नेटवर्क छापलं तर जीनची नावं सगळी फुटली, वाचता येईनात. शालिमारजवळ प्रिंटवाल्याला विचारलं तर म्हणतो फाइलच खराब आहे. परत छापायचंय, परवा द्यायचंय.

उत्तर : प्रिंटवाला बरोबर आहे. तुम्ही बहुतेक स्क्रीनशॉट दिलात किंवा लहान पीएनजी. फाइल मेनूत एक्स्पोर्ट, नेटवर्क टू इमेज, आणि तिथे पीडीएफ किंवा एसव्हीजी निवडा, ते कितीही मोठं केलं तरी फुटत नाही. पीएनजीच द्यायची असेल तर तिथेच रिझोल्युशन ३०० करा. एक्स्पोर्ट करताना झूम करून बघा की सगळी नावं दिसतायत, कारण सायटोस्केप लांबून बघताना ग्राफिक्सची डिटेल कमी करतं आणि नावं लपवतं, व्ह्यू मेनूत "शो ग्राफिक्स डिटेल्स" करून घ्या म्हणजे तुम्हाला खरं काय छापणार ते दिसेल. मागचं बॅकग्राउंड पांढरं ठेवा, काळ्यावर निऑन रंग स्क्रीनवर मस्त दिसतात आणि फ्लेक्सवर चिखल होतो. आणि जमलं तर निम्मे जीन काढून टाका, पोस्टरसमोर कुणी तीन मिनिटांच्या वर उभं राहत नाही.